जीन एडिटिंगच्या आधी पॅटर्नचा कागद नीट वाचू

पूर्व विदर्भात ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द घरोघरी माहीत आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात आईबाप दोघांकडून एस जीन आलं तर एसएस म्हणजे आजारी, एकाकडूनच आलं तर एएस म्हणजे नुसता वाहक. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा नातवाचा पॅटर्न सांगते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. म्हणजे हा आजार इथे आहे हे वैद्यकाला कळूनही साडेसहा दशकं उलटून गेली.

आता गावांमधून दोन प्रश्न नव्याने ऐकू येतात. एक एसएस मुलांच्या आईबापांचा: जीन बदलून हा आजार बरा करतात म्हणे, आमच्या पोराचं होईल का? दुसरा एएस-एएस जोडप्यांचा: पोटात राहण्याआधीच बाळाचं जीन दुरुस्त करून घेता येईल का? मोबाइलवरच्या व्हिडिओंत दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात एका माणसाच्या रक्तपेशी बदलतात आणि तो बदल त्याच्याबरोबरच संपतो. दुसऱ्यात गर्भच बदलतो, आणि तो बदल पुढे मुलांत, नातवंडांत उतरतो. माझं मत आधीच सांगून टाकायचं तर पहिल्याला हो, पण अटी कडक हव्यात. दुसऱ्याला आज नाही. आपल्याकडच्या एएस-एएस जोडप्याला त्याची गरजही नाही, आणि ती का नाही हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

पण या दोन्हींच्या आधी एक कागद येतो, तो म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. लग्न करायचं का, गर्भ ठेवायचा का, पोराला नव्या उपचाराच्या ट्रायलमध्ये घालायचं का, हे सगळे निर्णय त्या एका कागदावर उभे असतात. तो चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

उपकेंद्रात किंवा शिबिरात जी चाचणी होते ती सोल्युबिलिटी. काचेच्या नळीत २ मिली द्रावण, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त आहे, झटपट होते आणि पहिल्या चाळणीला चांगली आहे. पण ती कुठे फसते हे माहीत हवं. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट हवा लागली की मरतं, म्हणून बाटली उघडून दिवस झालेले असतील तर पॉझिटिव्ह रक्तही निगेटिव्ह दिसतं. द्रावण फ्रीजमधून काढून थंडच वापरलं तरी घोळ होतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्तात पुरेसं हिमोग्लोबिनच नसतं, तिथे रक्त दुप्पट घ्यावं लागतं. आपल्याकडच्या किती गरोदर बाया या आकड्याच्या आसपास असतात हे कोणतीही आशाताई सांगेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन म्हणजे एचबीएफ जास्त असतं, म्हणून तिथे ही चाचणी धरायचीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली म्हणजे एएस की एसएस हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करावीच लागते.

एचपीएलसीच्या कागदावर टक्केवारी येते. एएसमध्ये साधारणपणे एचबीएस (सिकलचं हिमोग्लोबिन) ३० ते ४० टक्के आणि उरलेलं बहुतेक एचबीए (नेहमीचं हिमोग्लोबिन). एसएसमध्ये एचबीए जवळपास नसतंच. एचबीएस, एचबीएफ आणि थोडं एचबीए२ एवढंच दिसतं. इथे एक चूक वारंवार होते. एसएस मुलाला दुखणं उठलं, हिमोग्लोबिन ४ वर आलं, जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन रक्त चढवलं आणि आठवड्याने त्याचा नमुना घेतला. आता त्यात दात्याचं एचबीए भरपूर असतं. यंत्र प्रामाणिकपणे ते दाखवतं, आणि कागदावर ‘एएस’ लिहिलं जातं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध बंद होतं. म्हणून रक्त चढवल्यावर किमान तीन महिने एचपीएलसीवर पॅटर्न ठरवू नये. घाई असेल तर डीएनए चाचणी करावी, किंवा आईबापांचे नमुने तपासावेत.

आईबापांचे नमुने म्हटलं की दुसरा, जास्त नाजूक प्रश्न येतो. मुलाचा रिपोर्ट एसएससारखा, आई एएस, आणि बापाची शिबिरातली सोल्युबिलिटी निगेटिव्ह. कार्डावर त्याच्या नावापुढे ‘नॉर्मल’. मग कुजबूज सुरू होते आणि बोट आईकडे जातं. या ठिकाणी विज्ञान अर्धवट माहीत असणं हे माहीत नसण्यापेक्षा वाईट ठरतं. बाप बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो. त्याच्या रक्तात एस नसतोच, म्हणून सोल्युबिलिटी निगेटिव्ह येणारच. मुलाला आईकडून एस आणि बापाकडून थॅलेसेमियाचं जीन मिळालं की त्याचा एचपीएलसी हुबेहूब एसएससारखा दिसतो, एचबीए२ तेवढं वाढलेलं. बापाचं एचपीएलसी केलं आणि त्यात एचबीए२ ४ टक्क्यांच्या वर निघालं की गाठ सुटते. साडेतीन ते चारच्या मध्ये असेल तर डीएनए चाचणी करावी. ही तपासणी होईपर्यंत समुपदेशकाने बापाचा आणि मुलाचा कागद एका टेबलावर, सासूसमोर, मांडू नये. आईशी आधी एकटीशी बोलावं. आणि सगळं तपासूनही मूल नवऱ्याचं नाही असं निघालं, तर ती माहिती आईची आहे. ती गावाची नाही, आणि आरोग्य खात्याच्या रजिस्टरचीही नाही.

आता हिशेब. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के एसएस, ५० टक्के एएस, २५ टक्के एए म्हणजे एस नसलेले. ‘एक एसएस झालं, आता पुढचे तिन्ही चांगले’ असं समजून चालणारी घरं फार आहेत. चिठ्ठ्या दर वेळी नव्याने टाकल्या जातात, आधी कोणती निघाली होती याचं पुढच्या खेपेला काही देणंघेणं नसतं. एक एसएस आणि एक एएस असेल तर दर खेपेला ५० टक्के एसएस. एक एसएस आणि एक एए असेल तर सगळी मुलं एएस, आजारी एकही नाही. हे शेवटचं समीकरण मुद्दाम लक्षात ठेवा, कारण एसएस मुलीचं लग्नच होऊ शकत नाही अशी समजूत अजून पसरलेली आहे.

आता पहिला प्रश्न, एसएस पोराच्या जीन एडिटिंगचा. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ला आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ला ‘कॅसजेवी’ या उपचाराला परवानगी दिली. वय १२ वर्षं किंवा जास्त, आणि वारंवार तीव्र दुखणं उठणारे रुग्ण यांच्यासाठी. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण १८ कोटी रुपये. ट्रायलमध्ये मोजणीला पात्र ठरलेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र दुखणं उठलं नाही. ज्यांनी रात्रभर कण्हणारं पोर मांडीवर घेतलंय त्यांना या आकड्याचा अर्थ मी सांगायची गरज नाही. या संशोधनाला विरोध करावा असं मला कधीच वाटलेलं नाही.

पण नक्की काय करतात ते पायरीपायरीने समजून घ्या. यात एसचं जीन दुरुस्त करत नाहीत. जन्मानंतर एचबीएफ बंद करणारं बीसीएल११ए नावाचं एक नियंत्रण असतं. रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने त्या नियंत्रणाचा एक तुकडा निकामी करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं आणि पेशी कोयत्यासारखी वाकत नाही. त्यासाठी आधी किमान ८ आठवडे रक्त चढवून एचबीएस ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात, हायड्रॉक्सियुरिया थांबवतात. मग प्लेरिक्साफोरचं इंजेक्शन देऊन मूळपेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणतात आणि यंत्राने गाळून घेतात. इतर आजारांत यासाठी जी-सीएसएफ वापरतात. सिकलसेलमध्ये ते जीवघेणं ठरू शकतं, म्हणून टाळतात. पुरेशा पेशी एका खेपेत मिळत नाहीत, बहुतेकांना परत यावं लागतं. पेशी प्रयोगशाळेत जातात, बदलतात, तपासल्या जातात. यात सहा महिन्यांपर्यंत वेळ जातो. पेशी तयार झाल्या की बसल्फान नावाचं केमो चार दिवस देऊन जुनी मज्जा रिकामी करतात. केस जातात, तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी शून्याजवळ येतात. मग बदललेल्या पेशी सलाइनसारख्या चढवतात आणि नवी मज्जा रुजेपर्यंत चार ते सहा आठवडे दवाखान्यात राहावं लागतं.

यात नीतीचा प्रश्न कुठे आहे? लोकांना वाटतं क्रिस्परमध्ये आहे. मला तो बसल्फानमध्ये दिसतो. बसल्फानने वंध्यत्व येऊ शकतं, मुलात आणि मुलीतही. उपचाराआधी वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं, मुलीसाठी बीजं किंवा बीजांडकोशाचा तुकडा गोठवावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला, तिच्या आईबापांना हे कोणत्या भाषेत सांगायचं? मूल न होणाऱ्या बाईचं आपल्या गावात काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. दुखणं गेलं, पण त्या बदल्यात आई होण्याची शक्यता गेली, ही किंमत काही जणी आनंदाने देतील, काही जणी देणार नाहीत. दोघीही बरोबर असतील. चूक एकच, ती म्हणजे हे न सांगणं, किंवा वीस पानी फॉर्मच्या चौदाव्या पानावर सांगणं. गोठवण्याचा खर्च कोण करणार, किती वर्षं, आणि घरच्यांनी पैसे थांबवले तर त्या नमुन्याचं काय, हे पहिल्याच भेटीत कागदावर यायला हवं.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट. या उपचाराने रक्त बदलतं, वीर्य आणि बीजं बदलत नाहीत. बरा झालेला एसएस मुलगा लग्नाच्या बाबतीत एसएसच राहतो. त्याची बायको एएस असेल तर दर गरोदरपणात ५० टक्के एसएस. उपचारानंतर त्याच्या एचपीएलसीत एचबीएफ ४० टक्क्यांच्या आसपास दिसतं, माहिती नसलेला तंत्रज्ञ तो कागद पाहून गोंधळून जाईल. म्हणून उपचार झाला तरी त्याचं जुनं कार्ड फाडू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेची क्रिस्परवर आधारलेली ‘बिरसा १०१’ ही देशी उपचारपद्धती जाहीर झाली. किंमत आवाक्यात यावी यासाठी ती देशात बनते आहे ही मोठी गोष्ट आहे, आणि बिरसा मुंडांचं नाव दिलंय म्हणून जबाबदारीही मोठी आहे. ज्या समाजांत हा आजार जास्त आहे, गोंड, माडिया, परधान, कोरकू, तसंच बौद्ध समाज, त्यांच्यातूनच ट्रायलला माणसं बोलावली जाणार. तेव्हा नियम माहीत असू द्या. २०१९च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर संमतीच्या सगळ्या बोलण्याला एक त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो आणि तो सही करतो. त्रयस्थ म्हणजे ट्रायलशी संबंध नसलेला. वॉर्डातली सिस्टर चालत नाही. सात वर्षांवरच्या मुलाला त्याला समजेल असं सांगून त्याचा होकारही घ्यावा लागतो, नुसता बापाचा अंगठा पुरत नाही. माहितीपत्रकाची प्रत घरी द्यावी लागते. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई मिळते. मधेच कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलं म्हणून नेहमीचं औषध बंद करता येत नाही. भामरागडच्या माणसाशी हे सगळं माडियात बोलणारा कुणी नसेल तर ती संमती घेतलीच नाही असं मी धरतो.

आणि नव्या उपचाराची वाट पाहताना हातातला सोडू नका. हायड्रॉक्सियुरिया साध्या कॅप्सूलमध्ये मिळतं, सरकारी दवाखान्यात मोफत. साधारण १० ते १५ मिग्रॅ प्रति किलोपासून रोज, दर काही आठवड्यांनी रक्तपेशींची मोजणी करून डोस ठरतो. फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि लोक दुसऱ्या महिन्यात सोडतात, ही खरी अडचण. शिवाय पुरवठा तुटतो. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात तालुक्याला जायला दिवस नसतो. जिथे ही कॅप्सूल बारा महिने सलग मिळत नाही, तिथे फक्त कोट्यवधींच्या उपचाराबद्दल बोलणं मला पटत नाही. दोन्ही मागायला हवं, पण या क्रमाने.

आता दुसरा प्रश्न, गर्भाचं जीन बदलण्याचा. हे जगात एकदा करून झालंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या शेनझेनमधल्या ह जियानक्वे या संशोधकाने जाहीर केलं की त्याने गर्भात सीसीआर५ हे एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणारं जीन बदललं आणि जुळ्या मुली जन्मल्या. बाप एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. वीर्य धुऊन वापरल्याने बाळाला एचआयव्ही होणं तसंही टाळता येत होतं, म्हणजे गरज नव्हती. संमतीच्या कागदावर ‘एड्सची लस विकसित करण्याचा प्रकल्प’ असं लिहिलं होतं. मुलींमध्ये काही माणसांत निसर्गतः आढळणारा, एचआयव्ही रोखणारा बदल न होता वेगळेच बदल झाले, आणि तेही सगळ्या पेशींत सारखे झाले नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षं कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. त्या मुलींना मात्र हे बदल आयुष्यभर वागवायचे आहेत.

सिकलसेलच्या गर्भात हे केलं तर काय होईल? एसचा दोष बीटा ग्लोबिनच्या जीनमधल्या एका अक्षराचा: जीएजीच्या जागी जीटीजी. क्रिस्परने तिथे डीएनए तोडला की पेशी तो जोडते. नमुना देऊन नीट अक्षर लिहून घ्यायचा प्रयत्न करता येतो, पण गर्भ बरेचदा घाईने टोकं चिकटवतो, आणि त्यात दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात. बीटा ग्लोबिनमध्ये अक्षरं अशी गळली की जीनच मोडतं. मोडलेलं बीटा ग्लोबिन म्हणजे बीटा थॅलेसेमिया. सिकलसेल काढायला जाऊन थॅलेसेमिया घातला असं होईल. २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगात, दुसऱ्या एका जीनवर काम करताना, काही गर्भांतून अख्खं गुणसूत्र किंवा त्याचा मोठा भाग नाहीसा झालेला दिसला. शिवाय काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच, असं मिश्रण राहतं. तपासायला पाच-सहा पेशी काढल्या तर त्या पेशींचं कळतं, उरलेल्या गर्भाचं नाही. एकेका अक्षराची दुरुस्ती डीएनए न तोडता करणाऱ्या नव्या पद्धती आल्या आहेत, पण मिश्रणाचा प्रश्न तिथेही आहे.

भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मूळपेशी संशोधन मार्गदर्शक तत्त्वांनुसार बदललेला गर्भ गर्भाशयात ठेवायला बंदी आहे, आणि प्रयोगशाळेत मानवी गर्भ १४ दिवसांपलीकडे वाढवायलाही. तेव्हा कुणी दवाखाना ‘बाळाचं जीन दुरुस्त करून देतो’ म्हणाला तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा बेकायदा काम करतोय.

आणि एएस-एएस जोडप्याला गरज का नाही ते वरच्याच हिशेबात आहे. त्यांच्या चारपैकी तीन गर्भ मुळातच आजारी नसतात. दुरुस्त करायचं काय? निवडायचं आहे, आणि निवडायला कायदेशीर वाट आहे. आयव्हीएफ करून पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातून पाच ते दहा पेशी काढतात, गर्भ गोठवतात, पेशींची डीएनए चाचणी करतात आणि एसएस नसलेला गर्भ ठेवतात. याला पीजीटी म्हणतात. २०२१च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे ही चाचणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच करता येते; रंग, उंची, हुशारी यांसाठी नाही, आणि मुलगा-मुलगी बघायला तर नाहीच. चाचणी फसते ती दोन प्रकारे. इतक्या थोड्या डीएनएत कधी दोनपैकी एक प्रत वाचलीच जात नाही. एएस गर्भाची ए प्रत सुटली तर तो एसएस दिसतो आणि चांगला गर्भ बाद होतो. उलट आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या तर तिचा ए मिसळून एसएस गर्भ एएस दिसतो, आणि ही चूक जास्त महागाची. म्हणून चांगली लॅब त्या जीनच्या आजूबाजूच्या डीएनएतल्या खुणाही तपासते, त्यासाठी दोघांचं आणि आधीच्या मुलाचं किंवा आजीआजोबांचं रक्त मागते. कुणी नुसत्या जोडप्याच्या रक्तावर काम भागवत असेल तर प्रश्न विचारा. खर्च काही लाखांत जातो आणि एका खेपेत दिवस राहतीलच असं नाही.

बहुतेक घरांसाठी खरी वाट गरोदरपणातल्या तपासणीची आहे, आणि तिथे सगळं वेळापत्रकावर अडतं. वार तपासणी, म्हणजे सीव्हीएस, ११ ते १३ आठवड्यांत. चुकली तर १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल. दोन्हीत गर्भपाताचा धोका एक टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे आठव्या आठवड्यात नोंदणी, त्याच दिवशी सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह असेल तर त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी आणि दोघांचं एचपीएलसी, दहाव्या आठवड्यापर्यंत गर्भतपासणीसाठी नागपूरला पाठवणारी चिठ्ठी. हे जमत नाही ते कुठे? नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. त्याच्या दोन मिली रक्तावाचून सगळं थांबतं. त्याला परत बोलावण्यापेक्षा तो असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात एचपीएलसी करून रिपोर्टचा फोटो मागवणं सोपं, हे आशाताईंनी पक्कं लक्षात ठेवावं. त्याहून बरं म्हणजे लग्न झाल्या झाल्या, दिवस राहण्याआधीच, दोघांची तपासणी.

कायद्याचं थोडक्यात. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, मग १९९४चा केंद्रीय कायदा, म्हणजे आजचा पीसीपीएनडीटी, आला. त्याच कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी दिली आहे, तेव्हा ‘पीसीपीएनडीटीमुळे करता येत नाही’ हे उत्तर मानू नका. संमती बाईची, तिला समजणाऱ्या भाषेत, लेखी, आणि प्रत तिच्या हातात. गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्यात नाही. दवाखाने ती मागतात, आणि ती नाही म्हणून बाईला परत पाठवतात. हे चूक आहे.

आणि गर्भ एसएस निघाला तर? इथे समुपदेशकाने आपलं तोंड आवरावं असं मला मनापासून वाटतं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७चं लक्ष्य ठेवून. दुसरीकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार दिव्यांगत्वात मोजला आहे, म्हणजे त्या माणसाला शिक्षणाचा, नोकरीचा हक्क आहे. एक कागद म्हणतो हा आजार नाहीसा करायचा, दुसरा म्हणतो या माणसाचा मान राखायचा. दोन्ही खरे आहेत, पण निर्मूलन आजाराचं, माणसाचं नाही, हे शिबिरातल्या भाषेत जपलं जात नाही. लक्ष्याच्या आकड्यासाठी बाईला गर्भपाताकडे ढकलणं हा अन्याय आहे. ‘देवाची मर्जी’ म्हणून तपासणीच न सांगणं हाही अन्यायच. तिला दोन्ही बाजू सांगाव्यात: हायड्रॉक्सियुरिया, लसी आणि वेळेवर रक्त मिळालेली एसएस मुलं मोठी होतात, शिकतात, लग्न करतात. आणि काहींना फार सोसावं लागतं. मग ती ठरवेल.

एएस तर आजारच नाही. उलट एएस असलेल्याला फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, आणि गडचिरोलीच्या जंगलात ही किरकोळ गोष्ट नव्हे. याच कारणाने हे जीन इथे टिकलं. तरी सोयरीक मोडते ती मुलीचं कार्ड पाहून, मुलाचं कार्ड कुणी मागत नाही. कार्ड जुळवायचं तर दोघांचं जुळवा, नाहीतर कुणाचंच मागू नका.

एक खरं अवघड उदाहरण उरतं: दोघेही एसएस. त्यांच्या प्रत्येक गर्भात एसएसच, निवडायला काही नाही. उपचार सुधारले, एसएस मुलं मोठी झाली, दवाखान्याच्या रांगेत ओळखी होऊन लग्नं झाली की अशी जोडपी वाढणार. गर्भाचं जीन बदलण्याचा युक्तिवाद याच ठिकाणी खरा भिडतो. तरीही आज माझं उत्तर नाही असंच आहे, कारण धोका ज्याच्यावर टाकायचा त्याला विचारता येत नाही, आणि दात्याचं बीज किंवा वीर्य, दत्तक, असे मार्ग उपलब्ध आहेत. ते त्यांना पुरेसे वाटले नाहीत तर त्यांचं दुःख मी खोटं ठरवणार नाही. दात्याचाच मार्ग घेतला तर दात्याचं एचपीएलसी स्वतः डोळ्यांनी पाहा. दाती एएस निघाली तर पन्नास टक्के धोका पुन्हा दारात. आणि एआरटी कायद्याप्रमाणे बीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, तिचा विमा काढायचा. गरजू बायांना एजंट पुन्हा पुन्हा नेत असतील तर तो गुन्हा आहे.

आजारी भावंडाला मज्जा मिळावी म्हणून जुळणारं बाळ निवडून घेण्याची वाट अहमदाबादमध्ये थॅलेसेमियासाठी यशस्वी झाली आहे. सिकलसेलमध्ये हिशेब असा: एसएस नसण्याची शक्यता चारात तीन, एचएलए (मज्जा जुळते का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळण्याची चारात एक, दोन्ही मिळून सोळात तीन. दहा बीजं निघाली तरी पाचव्या दिवसापर्यंत तीन-चार गर्भ पोचले तर बरं, त्यांत एकही जुळणारा नसेल असं बरेचदा घडणार. आईबापांना ते मूल तसंही हवं असेल तरच ही वाट धरावी, आणि त्या बाळाचा डॉक्टर आजारी भावाच्या डॉक्टरहून वेगळा असावा.

शेवटी ट्रायलच्या फॉर्मबद्दल एक. जीन एडिटिंग झालेल्या माणसावर १५ वर्षं लक्ष ठेवावं अशी अमेरिकेच्या औषध नियामकाची शिफारस आहे, कारण रक्ताचा कर्करोग किंवा चुकीच्या जागी झालेला बदल उशिराने दिसू शकतो. आपल्याकडची घरं वर्षातून दोनदा कामासाठी गाव सोडतात, मोबाइल नंबर बदलतात. तेव्हा सही करण्याआधी विचारा: पंधरा वर्षं तपासायला आमच्या गावी कोण येणार, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार, संस्थेचा प्रकल्प मधेच बंद पडला तर फाइल कुणाकडे जाणार, आणि दहाव्या वर्षी काही निघालं तर उपचार कोणत्या दवाखान्यात. उत्तरं तोंडी घेऊ नका. फॉर्ममध्ये लिहून घ्या, आणि प्रत पॅटर्नच्या कार्डासोबत ठेवा.